टेस्टिंगपुरती चाल

ऑर्केस्ट्रातला तो कीबोर्डवाला मला केजच्या मंगल कार्यालयात एकदाच भेटला. भाचीच्या लग्नाला मी तासभर आधीच पोचलो होतो. स्पीकर तपासताना तो डोळे मिटून काहीतरी वाजवत होता. डावा हात नाचत होता, उजवा मात्र कुणाची तरी वाट बघितल्यासारखा थांबत थांबत चालला होता.

‘‘कोणतं गाणं हे?’’ मी विचारलं.

‘‘माजंच हाय. पुण्याच्या स्टुडिओत धा वर्सं दुसऱ्यांची गाणी सजवली, हे तेवढं माजं. लोकं आले की त्यांची फर्माईश. हे टेस्टिंगपुरतंच.’’

पाहुणे दिसले तसं त्यानं ते अर्ध्यावर सोडलं.

तेव्हापासून प्रत्येक लग्नाला मी लवकर जातो. बायको हसते. स्पीकरवर नुसतं ‘हॅलो, हॅलो’ होतं. त्या चालीचा शेवट अजून ऐकायचा राहिलाय.