शेठला न विचारलेला प्रश्न

मला डॉक्टरने फसवलं, आणि तेही मान देऊन. सिल्वासाजवळ मसाटला भंगाराच्या धंद्यात मी स्वतःच्या जोरावर उभा राहिलो; मला वजनात कोणी फसवत नाही. पण गुदद्वारातून रक्त पडू लागलं, डॉक्टरांनी दुर्बिणीतून सूज पाहिली आणि म्हणाले, "शेठ, आतड्याचा जुनाट आजार आहे. गोळ्या कायमच्या." पाच महिने खाल्ल्या. रक्त थांबलं नाही.

मग डॉक्टरांचा रिपोर्ट घेऊन सिल्वासातल्या एका लॅबमध्ये शौचाची तपासणी करायला गेलो. तिथली बाई प्रत्येक डबीवर नाव लिहून झालं की पेनाचं टोपण दोनदा दाबायची, आणि अवघड प्रश्न विचारताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची.

"काका, बाहेर कोणाशी संबंध? पुरुषाशी?"

मी उठून टेबलावर हात आपटला. "मी कोण आहे माहीत आहे?"

"म्हणूनच तुम्हाला कोणी विचारलं नसेल," ती कॅलेंडरकडे बघतच म्हणाली. "अशा संबंधातून लागलेल्या जंतूंनीही तिथे अशीच सूज येते, काका. नुसतं बघून कळत नाही. डॉक्टरांकडून तिथला स्वॅब, काडीवरचा नमुना, लिहून आणा."

मी खाली बसलो आणि हळूच 'हो' म्हणालो. तिने टोपण दोनदा दाबलं, एवढंच.

स्वॅबमध्ये जंतू निघाले. थोड्या दिवसांच्या औषधाने रक्त बंद झालं. बायकोलाही तपासणी करून घ्यावी लागली, आणि घरी मी रोज जाब देतोय. त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण डॉक्टर, मला शेठ शेठ म्हणत तुम्ही तो एक प्रश्न गिळलात. त्याचा जाब तुम्ही द्या.