होटगी बंदर

समुद्र न बघता समुद्राच्या कायद्याला इतका भिऊन असलेला माणूस आमच्या शेजारच्या गार्डसाहेबांखेरीज उभ्या महाराष्ट्रात सापडायचा नाही. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. त्या वेळी सगळी कॉलनी बादल्या घेऊन धावत असते आणि हा गृहस्थ अंगणात नावेला रंग देत असतो. नाव खरीखुरी, दोन वल्ह्यांची, दोन माणसांची, बंद पडलेल्या एका बोट क्लबातून आणलेली.

नोकरीभर ते रेल्वेत गार्ड होते. आता त्या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण गार्डसाहेबांना ते चालत नाही. त्यांच्या मते मॅनेजर बँकेत असतो. होटगीच्या क्वार्टरमधून निघून शेवटच्या डब्यात उभं राहायचं आणि हिरवा झेंडा दाखवायचा, यात जन्म गेला. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी शिट्टी, दिवा, झेंडे जमा केले आणि झेंड्याच्या काठीची वेगळी पोच मागितली. अजूनही रिक्षात बसले की मागं वळून सगळे चढल्याची खात्री करतात आणि मगच रिक्षावाल्याला परवानगी देतात. एका लग्नात तर पंगतीतला शेवटचा पाहुणा हात धुऊन बसेपर्यंत त्यांनी अख्ख्या पंगतीला जेवू दिलं नव्हतं. नवरामुलगाही ताटावर हात धरून बसला होता.

निवृत्त झालो की तुला फिरवीन, असं त्यांनी काकूंना कबूल केलं होतं. पण तोवर काकूंचे गुडघे गेले. डोंगर, देवळं, जिने बाद झाले. मोटारीत त्यांना मळमळतं. बसल्या जागी फिरवेल असं वाहन शोधता शोधता गार्डसाहेब नावेपाशी येऊन थांबले.

नाव आली, पण पाण्यात जाईना. गावाबाहेरच्या तळ्यावरचे कोळी म्हणाले, काका, द्या ढकलून, हितं कोण विचारतंय. गार्डसाहेब म्हणाले, "बिनकागदाची गाडी सोडून मी पेन्शन घेतल्याली न्हाय." मग कागदांचा शोध सुरू झाला. पहिल्याच कार्यालयात चाकं किती म्हणून विचारलं. त्यांनी प्रामाणिकपणे शून्य सांगितलं आणि परत आले. खरं कार्यालय समुद्राकाठी आहे हे कळायला वर्ष गेलं. तिथून आलेल्या अर्जात नावेचं बंदर कोणतं, असा रकाना होता. गार्डसाहेबांनी होटगी लिहिलं. मी म्हटलं, होटगीला रेल्वेचं जंक्शन आहे, बंदर कुठलं? तर म्हणाले, "जितनं सुटायचं अन् जितं परत यायचं, ते बंदर की."

फाइल जाड होत गेली. "एवढी कागदं नावेत घातल्यावर मी बसू कुटं?" असं काकूंनी एकदा विचारलं, पण चेष्टेत दम नव्हता. तळं प्रत्येक उन्हाळ्यात मागं सरकत होतं, आणि पुढच्या वर्षी काठावरून नावेपर्यंत चालणं जमेलच असं नाही, असं डॉक्टर त्यांना सांगून चुकले होते. गार्डसाहेबांनाही ते माहीत होतं. पण नियम तो नियम.

अखेर पाहणीसाठी अधिकारी आले. टेम्पोतून नाव तळ्यावर नेली. काकू खुर्चीसकट आल्या, मीही गंमत बघायला गेलो. अधिकाऱ्यांनी टेप लावला, लाइफ जॅकेट मोजली आणि नाव पाण्यात घाला म्हणाले. गार्डसाहेब म्हणाले, नोंदणी झाल्याशिवाय घालता येत नाही. अधिकारी म्हणाले, तरंगताना पाहिल्याशिवाय नोंदणी होत नाही. दोघंही नियमाला धरून, दोघंही अतिशय नम्र. अर्धा तास झाला. मला हसू आवरेना, आणि मग खुर्चीत बसलेल्या काकूंचा चेहरा दिसला.

काकूंनी पिशवी उघडली. पाय पुसायला आणलेला हिरवा टॉवेल काढला, आपल्या सोलापूरच्याच, अक्कलकोट रोडच्या कारखान्यातला, हातभर लांब. खुर्चीला धरून त्या उभ्या राहिल्या आणि टॉवेल डोक्यावर धरून हलवू लागल्या.

गार्डसाहेबांनी ते पाहिलं. हिरवं दिसलं की गाडी निघते, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. ते वाकले आणि नाव सरळ पाण्यात ढकलली. ती झकास तरंगली. नंतर त्यांनी गार्डाच्या जुन्या सवयीनं खिशातल्या वहीत वेळ आणि कारण लिहिलं, आणि आदेश देणाऱ्याच्या रकान्यात काकूंचं पूर्ण नाव घातलं.

पंधरा दिवसांनी दाखला आला. नावेच्या दोन्ही अंगांना क्रमांक रंगवला, मागं ठळक अक्षरांत होटगी. आम्ही दोघांनी काकूंना धरून चिखलातून नेलं. वल्हवणारा पाठमोरा जातो, त्यामुळे गार्डसाहेबांचं तोंड काठाकडे, आणि मधे, त्यांच्यासमोर, काकू. तासाभरानं परत आले तेव्हा मी विचारलं, कसं वाटलं?

"गाडी सुटली की ही क्वार्टरच्या दारात हुबी असायची," ते म्हणाले. "शेवटच्या डब्यातनं बघायचो, तर लहान लहान होत जायची. आज काठ लहान झाला, झाडं लहान झाली. ही हाय तेवढीच राहिली की."

दोन वर्षं मी या नावेला हसलो होतो. त्या दिवशी तिची दोरी हातात धरून नुसता उभा राहिलो.

यंदा तळं लवकर आटलं, आणि काकूंना आता तेवढं चालवतही नाही. नाव अंगणात आहे. संध्याकाळी गार्डसाहेब स्टूल लावून काकूंना आत चढवतात, आणि दोघं समोरासमोर बसून चहा पितात. अंगात लाइफ जॅकेट असतं, कारण तसा नियम आहे.