सूर्यास्तानंतरची गोळी

माझ्या बायकोचे, गुणमालेचे, डोळे संध्याकाळी मिटू लागले, तेव्हा मी त्याचा दोष माझ्या बोलण्याला दिला. मी सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात हिशेबनीस, कॉमर्सचा पदवीधर, आता निवृत्तीला आलेला. घरी आलो की दिवसभराचं कामकाज क्रमवार सांगायची मला सवय. पूर्वी ती भाकरी थापत ऐकायची. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यापासून मात्र मी आवक-जावकेपर्यंत पोचलो की तिच्या पापण्या खाली. सकाळी तीच बाई टवटवीत. म्हणजे दोष माझाच.

मग तिला चावणंही जमेना. आम्ही जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारे. ती दोन घास खाऊन थांबायची आणि अंधार पडल्यावर पाण्याचा थेंबही घ्यायची नाही. माझी थोरली बहीण आक्काताई नेमधर्मात घरात सगळ्यांत कडक. तिनं गल्लीत सांगितलं की, गुणमालेचं खाण्यावरचं मन उडालंय, तिला वैराग्य आलंय. दशलक्षण पर्वात, आमच्या उपवासांच्या दहा दिवसांत, कुंडलहून गुणमालेच्या माहेरची माणसं आली ती तिच्या पाया पडूनच गेली. बोलताना आवाज नाकात जायचा म्हणून ती कमी बोलायची. त्याचंही मौनव्रत झालं. शेवटी मीही हात जोडले. बायकोला हात जोडून उभा असलेला हिशेबनीस फार शहाणा दिसत नाही.

एके दिवशी पेज नाकातून परत आली, तेव्हा तिला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळात पापण्या वर गेल्या. छातीच्या फोटोत हाडामागे गाठ दिसली. स्नायू थकवणारा आजार आहे, म्हणाले, आणि त्यातल्या दहांत एखाद्याला थायमस ग्रंथीची अशी गाठ असते. एरवी ही गाठ दहा लाखांत वर्षाला एखाद-दुसऱ्यालाच. दुसरा नवरा रडला असता. मी बाकावर बसून सातारा आणि सांगली जिल्ह्यांची लोकसंख्या मिळवली आणि वर्षाला चार-पाच जण निघतात, असं काढलं. पुढे कितीतरी दिवस एसटी स्टँडवर लोकांच्या पापण्या बघत हिंडलो. एकच सापडला, तो प्यायलेला निघाला.

ऑपरेशन पुण्यात व्हायचं होतं, पण आधी अंगात ताकद यायला हवी होती. त्यासाठी गोळ्या, आणि त्यांतली एक रात्री. ती चुकली तर श्वासाचे स्नायूही थकतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गुणमाला रात्री तोंडात काही घालायला तयार नव्हती. मी तिच्यापुढे फायदे-तोटे मुद्देसूद मांडले. तिनं डोळे मिटले. आजारानं की कंटाळ्यानं, ते मला कळलं नाही.

मग आक्काताई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"रात्री खायाचं न्हाई, ह्यो नेम तुला मीच लावला," ती म्हणाली. "आता मीच सोडवते. पाप लागलं तर माझ्या पदरात. गीळ."

गुणमालेनं तिच्या हातातला तांब्या घेतला आणि गोळी गिळली.

पुढे ऑपरेशन झालं, गाठ निघाली. एक गोळी अजून रात्री असते, ती आक्काताईच देते. गुणमाला आता संध्याकाळी डोळे उघडे ठेवून बसते. परवा माझं कचेरीचं सांगणं आजारानंतर प्रथमच शेवटापर्यंत पोचलं. मी मोठ्या समाधानानं तिच्याकडे पाहिलं.

"आवं," ती म्हणाली, "तवा आजार हुता म्हणून सुटत हुते."