माझ्या टार्गेटवरची सहावी गोळी

काल सकाळी जैनब गेली. दुपारी जोहरच्या नमाजानंतर जनाजा निघाला.

आम्ही बायका दारातच थांबलो. मी इतकी रडले की घरच्यांचं सांत्वन राहिलं बाजूला, तिच्या सुनेनंच मला पाणी आणून दिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. जैनब माझी तिसगावची मैत्रीण. तिच्या अब्बांचं सायकलचं दुकान, आमची शेती. दोघी एकदमच नगरला कॉलेजात आलो, होस्टेलच्या एकाच खोलीत राहिलो आणि एकाच दिवशी एनसीसीच्या कॅडेट झालो.

देशसेवा वगैरे नंतर. खरं कारण म्हणजे परेडनंतर नाश्ता मिळायचा.

बाहत्तरचा दुष्काळ होता. मेसमध्ये रोज अमेरिकेहून आलेल्या त्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. परेडला मात्र उकडलेलं अंडं आणि केळं.

बंदूक शिकवायला मिलिटरीतले एक हवालदार यायचे. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी सतरंजी अंथरली आणि म्हणाले, "लेट जाओ. पेट के बल."

एकही मुलगी जागची हलेना. पुरुषमाणसांसमोर पालथं पडायचं?

जैनब माझ्या कानात म्हणाली, "सुमे, लाजून काय मिळनार हाय? पडलं तर बंदूक तरी हाती यील."

आणि गेली की आडवी. मग तिच्यामागं आम्ही सगळ्या.

उस्ताद रिकाम्या रायफलच्या नळीवर दहा पैशांचं नाणं ठेवायचे. चाप ओढताना ते पडता कामा नये. माझं दर वेळी खळ्ळकन खाली. जैनबचं हलायचंसुद्धा नाही. "इसका हाथ है या पत्थर?" असं म्हणत उस्ताद स्वतःच ते उचलून घ्यायचे.

मग सिलेक्शन आलं. दिल्लीच्या स्पर्धेला आमच्या कॉलेजातून एकच मुलगी जाणार होती. चाळता चाळता उरलो आम्ही दोघी.

जैनबनं तर गावी जाऊन अब्बांची परवानगीही आधीच काढून आणली होती. रात्रंदिवस तोंडात दिल्ली. "सुमे, लाल किल्ला आपल्या नगरच्या भुईकोटापरीस लई मोठा असंल का गं?"

मी म्हणायचे, "तू जाऊन बघ आणि मला सांग." ती जाणार यात मला काडीचीही शंका नव्हती.

त्या दिवशी आम्ही शेजारी शेजारी पडलो. प्रत्येकीला पाच गोळ्या. माझं मधेच काय झालं कोण जाणे, चाप ओढताना हात हलला आणि मी "अगं आई!" म्हणून ओरडलेच. गोळी कागदाच्या पार कोपऱ्यात.

टार्गेटं आणली.

जैनबच्या कागदावर चारच भोकं. अगदी एकमेकांना खेटून.

माझ्या कागदावर सहा.

उस्ताद बघतच राहिले. "छठी गोली किसकी है?"

जैनब उठून उभी राहिली. "मेरी, उस्ताद."

आता नियम असा, की दुसऱ्याच्या टार्गेटवर मारलेली गोळी मारणाऱ्याला शून्य. आणि ज्याच्या कागदावर ती लागली, त्याची नेमकी कुठली हे ओळखता येत नाही, म्हणून त्याच्या चांगल्यात चांगल्या पाच धरतात. माझी कोपऱ्यातली गोळी गळाली. जैनबची मधोमध बसलेली माझ्या नावावर लागली.

दिल्लीला मी गेले.

होस्टेलमध्ये त्याच रात्री गोष्ट तयार झाली. जिचं नाणं हलत नाही, ती पोरगी दुसरीच्या टार्गेटवर मारेल होय? मुद्दाम मारली. मैत्रिणीसाठी मारली.

मला तर ते लगेच पटलं. तिनं स्वतःचा स्वेटर माझ्या ट्रंकेत घातला, स्टेशनवर सोडायला आली, हसत हात हलवला. अजून काय पुरावा पाहिजे?

दिल्लीत मी काही दिवे लावले नाहीत, ते असो.

पण ही गोष्ट मी कुठं कुठं सांगितली! माझ्या लग्नात, तिच्या लग्नात, तिच्या रिटायरमेंटला तर माईकवरून. इथं फेसबुकवरही तुम्ही वाचली असेल. जैनब पदराआड हसायची. "काय बी सांगती ही."

ती तिसगावातच शिक्षिका झाली. पगारातून एअरगन घेतली आणि शाळेमागच्या टेकाडावर पोरापोरींना नेम शिकवायला लागली. किती पोरी तिनं सतरंजीवर पालथ्या पाडल्या असतील, देव जाणे.

तिचा पहिला धडा ठरलेला. "आधी आपल्या टार्गेटचा नंबर वाचा. मंग शेजारी कुनी किती बी बोंबललं तरी मान वळवायची न्हाई."

मी तो कितीदा ऐकला. माझ्या डोक्यात कधी उजेड पडला नाही.

गेल्या महिन्यात नगरला हॉस्पिटलमध्ये तिला भेटायला गेले. अर्धी झाली होती. नर्स आली, तर मी सवयीनं तिलाही गोष्ट ऐकवली, की या बाईनं माझ्यासाठी दिल्ली सोडली बरं का.

नर्स गेल्यावर जैनबनं माझा हात धरला.

"सुमे, आता बास कर ती गोष्ट."

"का गं?"

"म्या काय दिली न्हाई तुला गोळी. तू वरडलीस, म्हनून म्या तुझ्याकडं बघितलं. परत नजर लावली ती तुझ्याच टार्गेटावर लागली. चुकले मी."

पन्नास वर्षं मी जिला त्याग म्हणून मिरवत होते, ती तिची चूक होती. आणि तीही मी ओरडले म्हणून काळजीनं वळून बघताना झालेली.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू लई खुशीत सांगायचीस."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली.

मग म्हणाली, "मला लई जायाचं हुतं गं दिल्लीला."

जैनब, माझी बाई, नीट जा. तुझ्या सुमीचा शेवटचा सलाम.