पाइनेम बुलिकनं कापलेले गोल

ब्लितार शहराजवळच्या आमच्या गावात पाइनेमला लहानथोर सगळे बुलिक म्हणायचे, म्हणजे मावशी. ती तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळून विकायची. नवरा जुमादी सुतार. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर रचतात, त्यांची खोकी तो बनवायचा. त्या वर्षी नेमकी त्याला चक्कर यायला लागली, आणि स्पीकरसाठी गोल कापायचा म्हणजे राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं फिरत्या पात्याचं मशीन, धरून फळीभोवती फिरणं आलं. गोल नुसता बघितला तरी घर फिरायला लागतं, असं म्हणून तो डोळे मिटून बाकावर आडवा झाला. बुलिकनं तेलकट हात पुसले आणि मशीन उचललं.

राउटर एका पट्टीच्या टोकाला बसवलेलं. पट्टीचं दुसरं टोक फळीच्या मध्यावर खिळ्यात अडकवायचं आणि दर फेरीला पातं थोडं खोल उतरवत फिरत राहायचं. पहिल्या फेरीला ती एकेक पाऊल जपून टाकत फिरली. तिसऱ्या फेरीला ती गुणगुणायला लागली. शेवटी चकती सुटून खाली पडली, तेव्हा बुलिकला असं काही हसू फुटलं की तिनं ती चकती उचलून सरळ गल्लीतून घरंगळत सोडली. कोंबड्या सैरावैरा. मग ती थांबलीच नाही. दुपारपर्यंत सगळ्या फळ्या कापून मोकळी.

ट्रकवाला वासिस आला. त्यानं स्पीकर भोकावर ठेवला, तो धप्पकन खोक्यात गडप झाला. बुलिकनं माप मध्यापासून पात्याच्या आतल्या कडेपर्यंत घेतलं होतं, त्यामुळे पात्याची जाडी भोकात वाढली. सगळेच गोल बोटभर मोठे.

जुमादीनं एक डोळा उघडला. "पातं धरून मापायचं असतं गं."

"मग आधी नाही का सांगायचं? घोरत होतात नुसते."

वासिस डोकं धरून बसला. मिरवणूक परवावर आलेली. बुलिकनं भोकाकडे बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"आत कडं बसवू," ती म्हणाली. "एका कड्याला दोन गोल लागतात. बाहेरचा आणि आतला."

नवीन प्लाय आणायला तिनं वासिसला जवळजवळ ढकलतच पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती भुशानं पांढरीफटक होऊन फिरत होती, आणि आम्ही शेजारणी कड्यांना लाल रंग फासत होतो.

मिरवणुकीत आवाज सुरू झाला तशी कौलं थडथडली, छातीत ढोल वाजायला लागले. बुलिक ट्रकबरोबर नाचत एकेका कड्याकडे बोट दाखवत मला सांगत होती, "हे माझं. हेही माझं." हे तिनं नंतर सांगितलं; तेव्हा मला काही ऐकू येईना. मला वाटलं, जेवलीस का विचारतेय. मी मान डोलावली.