भिंतीतली अंडी

नव्या भिंतीचा गिलावा अजून ओला होता, तेव्हाचं ते भांडण. धाकटीला लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. पलीकडच्या खोलीत थोरली जाऊ नवऱ्याशी भांडत होती आणि हिनं कणीक मळता मळता कान टवकारले.

थोरल्या दिराचा धंदा माळावरचे दगड गोळा करून बांधकामांवर पोचवायचा. घरच्या भिंतीत भर घालायला त्यानं झुंजुमुंजू असताना हाताला लागले ते गोटे पाटीत भरले. त्या माळावर करवानक राहायचं. बटबटीत पिवळ्या डोळ्यांचं, नव्या नवरीपेक्षा लाजरं पाखरू. घरट्याला काडी म्हणून लावत नाही, उघड्या दगडांतच दोन ठिपकेदार अंडी घालतं. तीही पाटीत आली. भर दाबताना हाताला बलक लागला, तेव्हा कुठं त्याला कळलं.

"दगडासारखीच होती, त्याला मी काय करू?"

"त्यांची आई रोज भिंतीपाशी येऊन ओरडते. तिला काय सांगू?"

"पाखरू आहे ते. तुझी सासू नव्हे."

धाकटीला हसू आलं. थोरलीला नाही.

चार दिवसांनी पाखरू यायचं थांबलं. आवाज थांबला नाही. तिन्हीसांजेला भिंतीतून चढत जाणारी शीळ येते, असं थोरली म्हणायची. धाकटी कान लावायची आणि सांगायची, काही नाही हो.

मग थोरलीनं एक काम अंगावर घेतलं. अंड्यांच्या दिवसांत रोज सकाळी गडी माळावर पोचायच्या आत ती चुन्याचा डबा घेऊन जायची. अंडी दिसली की भोवतीच्या दगडांवर चुना फिरवायची. पांढऱ्या कड्यातला दगड उचलायचा नाही, असा शब्द तिनं नवऱ्याकडून घेतला होता. गडी हसायचे, पण कडं पाळायचे. पिल्लं सुखरूप चालती झाली की त्या दिवशी भिंत गप्प बसते, म्हणायची. नवरा गेला, गुडघे गेले, डबा काही सुटला नाही.

तिच्या शेवटच्या दिवशीही ती उठून बसली. पाय सुजून खांब झाले होते. माळावर एकच जोडी उरली होती आणि त्याच अंगाचे दगड त्या दिवशी उचलायचे होते. धाकटी म्हणाली, आज राहू द्या, मी जाऊन येते.

"तुला अंडी दिसायची नाहीत. आणि एक खरं सांग. तुला ऐकू येतं का?"

धाकटीनं भिंतीकडे पाहिलं. इतकी वर्षं ती नाही म्हणत आली होती.

"येतं, जाऊबाई. पहिल्यापासून."

"मग डबा घे."

माळावर अंड्यांवर बसलेलं पाखरू मान जमिनीला टेकून पडून राहिलं, पळालं नाही. थोरली धाकटीच्या खांद्यावर भार टाकून वाकली. एकेका दगडाला चुना लावत तिनं कडं पुरं केलं. घरी येऊन हात धुतले, डबा पुसला आणि खुंटीला अडकवला.