कालिपाएजेने मागितलेला तास

आमच्या कोक-बुलाक गावात हिवाळ्यात गाडी चालू करणं हा पुरुषांचा सोहळा असतो. झोपण्यापूर्वी बॅटरी काढून घरात आणायची, सकाळी परत बसवायची, मग ज्वाळा ओकणारा पेट्रोलचा दिवा इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या चेंबरखाली धरून तासभर उकिडवं बसायचं. आतलं थिजलेलं ऑइल पातळ होईपर्यंत चहा, गप्पा आणि एकमेकांच्या गाड्यांची निंदा. उणे पस्तीसच्या थंडीत हा तास कोणी मोजत नाही. तो गृहीतच.

कालिपाएजे मात्र त्या तासाच्या जिवावर उठली होती.

एजे म्हणजे थोरली बहीण, आणि ती अख्ख्या गावाची. चौपन्न वर्षांची, आमच्या दवाखान्यातली एकुलती एक नर्स. ड्रायव्हर शहरात निघून गेल्यापासून रुग्णांची जुनी व्हॅनही तीच चालवते. मागच्या जानेवारीत गावातल्या आयझाडाला कळा सुरू झाल्या, तेव्हा एजे त्या व्हॅनखाली दिवा धरून बर्फात पडून होती. तालुक्याच्या इस्पितळात पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. आयझाडा वाचली, मूल गेलं. एजेला कोणी बोल लावला नाही. तो तिचा तिनेच लावून घेतला.

उन्हाळ्यात तिने गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचलं. थंडीचे आकडे, ऑइलचे आकडे, सगळं वहीत उतरवलं. तोवर आयझाडाला पुन्हा दिवस गेले होते, आणि तारीख निघाली तीही जानेवारीचीच.

आयझाडाचा सासरा जापारबाइके, बाइके म्हणजे थोरला भाऊ, हा आमच्या गावचा मिस्त्री. माणूस कामाचा, पण इंजिनाबद्दल दुसऱ्याने तोंड उघडलेलं त्याला खपत नाही. व्हॅनचं ऑइल बदलायचं म्हणताच तो भर चौकात उसळला.

"एजे, जुन्या इंजिनाला जाडच ऑइल लागतं. पातळ घातलंस तर तालुक्याच्या वाटेवर खिंडीच्या चढावर इंजिन जाम होऊन बसेल!"

"जापार, डब्यावर दोन आकडे असतात. पहिला थंडीतला, तो जितका कमी तितकं पातळ. दुसरा तापल्यानंतरचा. तुझ्या डब्यावर पंधरा आणि चाळीस. माझ्यावर शून्य आणि चाळीस. चढावर दोन्ही सारखीच जाड. सकाळी मात्र माझं वाहतं."

"घ्या! आता नर्सबाई आम्हाला इंजिन शिकवणार."

"का नको? तुझी पाचही पोरं मीच बाहेर काढलीत. तेव्हा नाही विचारलंस शिक्षण किती ते."

सगळे हसले. पण हसले ते तिच्या विनोदाला, ऑइल कोणी मनावर घेतलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि मीही गप्प राहिलो, याची मला आजही लाज वाटते.

दवाखान्याला मिळायचं ते जाडच ऑइल. एजेने स्वतःची मेंढी विकली आणि नारिन शहरातून शून्याचा डबा आणवला. पहिली कडक थंडी पडली तशी तिने दोन बाटल्यांत दोन ऑइलं भरून रात्रभर कोळशाच्या खोपटावर ठेवली आणि सकाळी चौकात आणून उलटी केली. एकीतलं घळाघळा खाली आलं. दुसरी जापारबाइकेने हातात धरून हलवली, आपटली, तरी आतलं जागचं हलेना.

"बाटली वेगळी, इंजिन वेगळं," असं म्हणून तो निघून गेला. पालथ्या घड्यावर पाणी! एजेने त्याच दिवशी व्हॅनमधलं ऑइल बदललं, आणि बॅटरी घरात घेणं काही सोडलं नाही.

ठरल्याप्रमाणे आयझाडा तारखेच्या आठवडाभर आधीच तालुक्याला जायची होती. कळा आल्या दहा दिवस आधी, सकाळी सातला, उणे छत्तीसमध्ये. तिच्या नवऱ्याने एजेला फोन केला. जापारबाइके सवयीने दिवा उचलून दवाखान्याकडे पळाला, त्याच्यामागे शेजारचा मी. अर्ध्या वाटेत समोरून हॉर्न वाजवत व्हॅनच आली.

"बाजूला व्हा रे!" एजे ओरडली. "पहिल्या सेल्फला उठली!"

आम्ही मागे धावत जापारबाइकेच्या घरी पोचलो. आयझाडाची सासू चहा गाळत होती.

"अगं बाई, एवढ्यात? अजून तास आहे ना!"

"तो तास मला हवाय," एजे म्हणाली, आणि आयझाडाला रजईत गुंडाळून नुसत्या मोज्यांवर बाहेर काढलं.

दुपारी एजे एकटीच परतली. मुलगी झाली होती. पायाळू होती, गळ्याभोवती नाळ होती, पण रडली. एजेने हे आम्हाला दवाखान्याच्या पायरीवर बसून सांगितलं.

"ती रडली तेव्हा मी घड्याळ पाहिलं. एरवी त्या वेळी आम्ही अजून खिंडीच्या चढावरच असतो." मग म्हणाली, "मागच्या वर्षी का नव्हता रे हा तास माझ्याकडे?" आणि ती मोठ्याने रडली. वर्षभरात पहिल्यांदा.

जापारबाइके पायरीपाशी आला.

"एजे, डब्यात काही उरलंय?"

तिने डोळे पुसत आत बोट दाखवलं.

त्याच दुपारी तो आपल्या गाडीतलं जुनं ऑइल काढायला बसला. चेंबरचा नट उघडला, पण थेंब पडेना. ते बाहेर काढायलाही त्याला तासभर दिवा धरावा लागला.